ऐकण्याची बैठक आणि बिअर : काय जवळ ठेवावं, काय लांब

खोबणकर (धागाकर्ता)

हाय-फायवाल्यांच्या बैठकीत बिअर असतेच. तिच्यावर लिहिलं जातं ते मात्र बहुतेक 'जॅझला स्टाऊट, सतारीला पिल्सनर' छापाचं. तसलं इथे नको. चार-पाच जण दोन-अडीच तास बसून रेकॉर्डी ऐकणार असतील तर कोणती बिअर, किती, किती गार, ग्लास कुठे ठेवायचा आणि यंत्रांच्या बाजूने काय सांभाळायचं, एवढंच बोलू. टर्नटेबल, एमएम (मूव्हिंग मॅग्नेट) कार्ट्रिज म्हणजे सुई बसवलेला छोटा भाग, ट्रान्झिस्टर किंवा व्हॉल्व्ह (काचेच्या निर्वात नळ्यांचा) अँप आणि स्टँडवरचे दोन स्पीकर अशी मांडणी गृहीत धरा.

माझं मत आधी मांडतो, मग तोडा. बिअर साडेचार टक्के मद्यार्काच्या आतली लागर (थंडीत सावकाश आंबवलेली हलकी बिअर), ३३० मिलीच्या मापात. एलपीची एक बाजू साधारण २० मिनिटांची, म्हणजे दोन-तीन बाजूंना एक बाटली पुरते. ग्लास अँपवर नाही, स्पीकरवर नाही, टर्नटेबलच्या रॅकवर तर नाहीच. प्रत्येकाच्या उजव्या हाताला गुडघ्याएवढं वेगळं स्टूल. आणि हाताचं काम म्हणजे कार्ट्रिजची अलाइनमेंट, सुईचा भार, बायस (व्हॉल्व्हमधला स्थिर प्रवाह बसवणं) हे सगळं पहिली बाटली उघडण्याच्या आत उरकलेलं हवं. टू-एम रेड या कार्ट्रिजला १.८ ग्रॅम, एटी-व्हीएम९५ई या कार्ट्रिजला २.० ग्रॅम भार सांगितलेला आहे, आणि दोन्हीची मर्यादा वरखाली फक्त ०.२ ग्रॅमची. दोन बाटल्यांनंतर तो वजनकाटा कुणी हातात घेऊ नये.

फेसवाला

लागर मान्य, पण 'लागर' म्हणून थांबू नका. बैठकीसाठी तीन गोष्टी बघायच्या: मद्यार्क, वायू आणि कडवटपणा.

वायूचं कुणी बघत नाही, म्हणून तिथूनच सुरू करतो. बिअरमधला कार्बन डायऑक्साइड 'व्हॉल्यूम'मध्ये मोजतात, म्हणजे एक लिटर बिअरमध्ये किती लिटर वायू विरघळलाय. साधी लागर अडीचच्या आसपास असते. जर्मन गव्हाची बिअर तीनच्या वर, कधी चारपर्यंत. इंग्लिश पिंपातली एल एक ते दीड. नायट्रो स्टाऊटमध्ये (नायट्रोजन भरलेली काळी बिअर) कार्बन डायऑक्साइड जेमतेम एकच्या वर, बाकी फेसाचं काम नायट्रोजन करतो. तो पाण्यात फारसा विरघळत नाही, म्हणून त्याचे बुडबुडे बारीक आणि फेस सायीसारखा. आता शांत आलापात चार जणांच्या पोटात चार व्हॉल्यूमवाली बिअर काय करते हे सांगायला नको. गव्हाची बिअर मला फार आवडते, केळ्याचा वास आयसोअमाइल अ‍ॅसिटेटचा आणि लवंगेचा फोर-व्हिनाइल ग्वायकॉलचा, दोन्ही यीस्टने दिलेले. पण ती मध्यंतराला. ऐकताना नाही.

तापमान. फ्रिजमधून ४ अंशांवर काढून लगेच प्याल तर जीभ बधिर होते आणि कुठलीही बिअर सारखीच लागते. पिल्सनर ५ ते ७, पेल एल ८ ते १०, स्टाऊट १० ते १३ अंश. पातळ, बेचव लागर लोक बर्फासारखी गार पितात त्याचं कारणही हेच.

ग्लास. फेस टिकतो तो माल्टमधल्या (मोड आणून वाळवलेल्या बार्लीतल्या) प्रथिनांमुळे आणि हॉप्सच्या (बिअरला कडवटपणा देणाऱ्या फुलांच्या) कडवट आम्लांमुळे, आणि मोडतो तो तेलकटपणाने. तळलेलं खाऊन ग्लासाला ओठ लावले की काठापासून फेस विरायला लागतो. ग्लास स्वच्छ आहे का ते पाहायला पाण्याने ओला करून उपडा धरा: पाण्याचा सलग पापुद्रा राहिला तर स्वच्छ, थेंब-थेंब फुटले तर तेल आहे. बिअर ओतल्यावर आतल्या भिंतीला बुडबुडे चिकटून बसले तरी तोच निदान. साबण पूर्ण निघाला पाहिजे, आणि पुसायचा नाही, उपडा ठेवून वाळू द्यायचा.

उजेड. हिरव्या आणि पांढऱ्या बाटल्या खिडकीत ठेवू नका. हॉप्सच्या कडवट रेणूंवर निळा-जांभळा प्रकाश पडला की बिअरमधल्याच रायबोफ्लेविनच्या मदतीने एक गंधकयुक्त थायॉल तयार होतं, आणि त्याचा घाण वास फार कमी प्रमाणातही कळतो. पारदर्शक काचेत थेट उन्हात काही मिनिटं पुरतात. तपकिरी काच बरीच वाचवते, कॅन पूर्ण.

निवड म्हणाल तर चेक धाटणीची पिल्सनर. १८४२ साली प्लझेनमध्ये योसेफ ग्रोलने काढली तीच वाट. पिल्सनर उर्केल ४.४ टक्के आहे, कडवट आहे, आणि कडवट बिअर आपोआप सावकाश प्यायली जाते.

शंकासुर

पण व्हॉल्व्ह अँपचा आवाज 'उबदार' आणि स्टाऊट 'उबदार', हे जुळतं असं ठिकठिकाणी वाचलंय. त्यात काही तथ्य?

व्हॉल्व्हकाका

शब्द एक आहे, गोष्टी दोन आहेत. सिंगल-एंडेड व्हॉल्व्ह अँपमध्ये दुसऱ्या हार्मॉनिकचं प्रमाण जास्त असतं. म्हणजे मूळ सुराच्या वरच्या सप्तकातला तोच सूर त्यात मिसळतो, तो कानाला खटकत नाही, उलट भरीव वाटतो. त्यात आउटपुट इम्पीडन्स १ ते ३ ओहम, म्हणून स्पीकरचा इम्पीडन्स जिथे चढतो तिथे आवाजही थोडा चढतो, आणि बहुतेक स्पीकरांचा तो बासच्या रेझोनन्सला चढतो. उबदारपणा हा एवढाच. स्टाऊटचा उबदारपणा भाजलेल्या बार्लीचा आणि जास्त तापमानाला पिण्याचा. दोन्ही मला प्रिय आहेत, पण एकाने दुसऱ्याचं काही होत नाही.

व्हॉल्व्हवाल्यांनी लक्षात ठेवायची बाब वेगळीच आहे. ईएल३४ या पॉवर व्हॉल्व्हची काच चालू असताना २०० अंशांच्या घरात असते. तिच्यावर गार बिअरचे चार थेंब पडले तरी काच तडकू शकते. तडकली की निर्वात जातो, आतली गेटरची (उरलासुरला वायू शोषणाऱ्या थराची) चंदेरी झाक पांढरी पडते, व्हॉल्व्ह संपला. ग्लासाला बाहेरून सुटलेलं पाणीही तेवढंच वाईट. खोलीत ३० अंश आणि ७० टक्के आर्द्रता असेल तर दवबिंदू २४ अंशांच्या आसपास येतो. ६ अंशांच्या ग्लासावरून पाणी ठिबकणारच, तुम्ही कितीही जपून धरा.

बायसबद्दल खोबणकर बरोबर बोलले. ईएल३४ची प्लेटची मर्यादा २५ वॅट, क्लास एबीला तिच्या ७० टक्क्यांवर म्हणजे साडेसतरा वॅटवर बसवतात. प्लेटला ४५० व्होल्ट असतील तर ३९ मिलिअँपिअर, म्हणजे १० ओहमच्या कॅथोड रेझिस्टरवर ०.३९ व्होल्ट. कॅथोडच्या प्रवाहात व्हॉल्व्हमधल्या स्क्रीन जाळीचा प्रवाहही मोजला जातो, त्यामुळे खरा आकडा किंचित सुरक्षित बाजूला राहतो. गणित सोपं आहे, पण प्रोब ४५० व्होल्टच्या शेजारी फिरत असतो. एक हात खिशात, आणि ग्लास दुसऱ्या खोलीत.

ओहमकार

शंकासुर, 'जुळतं' म्हणणाऱ्यांना दोनच गोष्टी विचारायच्या: आवाजाची पातळी जुळवली होती का, आणि डोळ्यांआड ऐकलं होतं का?

बैठकीत दोन अँप किंवा दोन डॅक (डिजिटल सिग्नलचं अ‍ॅनलॉग करणारं यंत्र) लावून तुलना चालते, त्यातल्या बहुतेक तुलना पातळीवरच फसतात. ज्याचा आवाज अर्धा डेसिबल जास्त तो 'मोठा' वाटत नाही, 'जास्त खुला', 'जास्त तपशीलवार' वाटतो. जुळवणी ०.१ डेसिबलच्या आत हवी. व्होल्टमध्ये ती १.२ टक्के होते. म्हणजे स्पीकरच्या टर्मिनलवर एकाचे २.८३ व्होल्ट असतील तर दुसऱ्याचे २.८० ते २.८६ मध्ये. कानाने किंवा फोनमधल्या मीटरने हे जमत नाही, मल्टिमीटर लावा. स्वस्त मल्टिमीटर एसीला साधारण ४०० हर्ट्झपर्यंतच खरं सांगतात, म्हणून टेस्ट टोन १ किलोहर्ट्झ न घेता २०० हर्ट्झचा घ्या. स्पीकर जोडलेले असतानाच मोजा.

मग एबीएक्स. 'अ' ऐका, 'ब' ऐका, 'क्ष' त्यांतला कुठला ते सांगा. ही पद्धत मन्सन आणि गार्डनर यांनी १९५० साली बेल लॅब्जमध्ये मांडली. १६ वेळा ऐकून १२ बरोबर आले तर नुसत्या नशिबाने तसं होण्याची शक्यता ४ टक्क्यांच्या आत येते. १० पैकी ८ला ती साडेपाच टक्के उरते, म्हणून १० पैकी ९ धरा. बटण दाबणारा आणि उत्तर लिहिणारा वेगवेगळे, आणि बटणवाला ऐकणाऱ्यांच्या पाठीमागे. त्याच्या चेहऱ्यावरून उत्तर कळतं, ही गंमत नाही.

धाग्याशी संबंध आहे तो असा: थोड्या नमुन्यांवरून निष्कर्ष कसा काढायचा हे गणित बिअरच्याच कारखान्यातून आलंय. डब्लिनच्या गिनेसमध्ये काम करणाऱ्या विल्यम गॉसेटने १९०८ मध्ये 'स्टुडंट' या टोपणनावाने ते छापलं. स्टुडंटची टी-टेस्ट ती हीच.

फेसवाला

ओहमकारांच्या मुद्द्याला बिअरकडून जोड: त्रिकोणी चाचणी. हीसुद्धा दारूभट्टीचीच देणगी, १९४०च्या दशकात कोपनहेगनच्या कार्ल्सबर्गमध्ये घडलेली. 'मला अमुकच लागर आवडते' म्हणणाऱ्यासाठी आहे.

तीन ग्लास, दोनांत एक बिअर, तिसऱ्यात दुसरी. वेगळी कुठली ते ओळखायचं. 'आवडली कुठली' हे विचारायचंच नाही, तो पुढचा प्रश्न. प्रत्येक ग्लासात ६० मिली, तापमान तिन्हींचं एक, ओतलं एकाच वेळी. फेसाची उंची सारखी करा, कारण लोक जिभेआधी डोळ्यांनी ओळखतात. रंगात फरक असेल तर गडद किंवा अपारदर्शक कप. ग्लासांवर १, २, ३ किंवा अ, ब, क लिहू नका, पहिला आकडा चांगलाच वाटतो. ४१७, ८६२ असे तीन अंकी आकडे टाका. वेगळा ग्लास दर वेळी दुसऱ्या जागी. दोन फेऱ्यांमध्ये साधं पाणी, खारट काही नाही.

नुसत्या अंदाजाने एकतृतीयांश वेळा बरोबर येतं. १२ फेऱ्यांत निदान ८ बरोबर हवेत, तर फरक कळला म्हणायचं. आता हिशोब करा: १२ फेऱ्या गुणिले १८० मिली म्हणजे दोन लिटरच्या वर. एका माणसाकडून हे होणार नाही. सहा जणांकडून दोन-दोन फेऱ्या घ्या. किंवा थुंकायला भांडं ठेवा, व्यावसायिक चाखणारे वाइनमध्ये ठेवतातच. बिअरवाले गिळतात, कारण कडवटपणा जिभेच्या मागच्या बाजूला आणि घशात रेंगाळतो, तो थुंकून पूर्ण कळत नाही.

शंकासुर

म्हणजे आधी बिअरची चाचणी आणि मग अँपची, एकाच संध्याकाळी?

मंदसप्तक

उलट क्रमाने. आणि मधे काही तास असतील तर उत्तम. इथे सगळ्यांनी यंत्रांचं लिहिलं, कानांचं कुणी लिहिलं नाही.

मद्यार्काने श्रवणाचा उंबरठा तात्पुरता वर सरकतो, म्हणजे बारीक आवाज ऐकू येईनासे होतात. दुसरं अधिक धोक्याचं. मोठा आवाज आला की मधल्या कानातला स्टेपेडियस स्नायू आखडतो आणि आत जाणारा आवाज थोडा कमी करतो. मद्यार्क चढलेला असताना ही प्रतिक्रिया उशिरा, म्हणजे जास्त मोठ्या आवाजाला सुरू होते. एकीकडे कमी ऐकू येतंय म्हणून नॉब पुढे जातो, दुसरीकडे कानाचा रखवालदार डुलक्या घेतोय.

तिसरी गोष्ट ओहमकारांच्या पातळीची. आवाज वाढला की बास आणि ट्रेबल प्रमाणापेक्षा जास्त वाढल्यासारखे वाटतात. फ्लेचर आणि मन्सन यांनी १९३३मध्ये दिलेले वक्र तेच सांगतात. म्हणून तिसऱ्या बाटलीनंतर सगळीच सिस्टिम 'खुलते'. केबल बदलायची असेल तर तेव्हा बदलावी, हमखास फरक ऐकू येईल!

आकडे असे. ३३० मिली, ४.४ टक्के: शुद्ध मद्यार्क साडेअकरा ग्रॅम. ५०० मिली, ५ टक्के: २० ग्रॅम. शरीर तासाला ढोबळमानाने ७ ते १० ग्रॅम मार्गी लावतं, वजन आणि सवयीप्रमाणे फरक. तेव्हा तासाला एक छोटी बाटली हीसुद्धा काठावरची गोष्ट आहे. साडेआठ टक्क्यांची डुवेल ३३० मिलीमध्येच २२ ग्रॅम देते, ती शेवटची रेकॉर्ड संपल्यावर. गाडी चालवणाऱ्याला शून्य, यात मत मागायचं नाही.

आवाजाची हद्द: ८५ डीबीए (कानाच्या संवेदनेप्रमाणे मोजलेले डेसिबल) आठ तास, आणि दर ३ डेसिबलला वेळ निम्मा. म्हणजे ९४ला एक तास, १००ला १५ मिनिटं. बैठक सुरू होण्याआधी, कोरड्या घशाने, ऐकण्याच्या जागी सरासरी ८० येईल अशी पातळी लावा आणि नॉबवर कागदी चिकटपट्टीची खूण करा. रिमोट यजमानाच्या खिशात. बस्स.

फेसवाला

मंदसप्तकताई, शून्यवाल्यांसाठी एक भर. बिनमद्यार्काची लागर दोन तऱ्हांनी बनते. एकीत आंबवणं मधेच थांबवतात, तिला कच्च्या माल्टची गोडूस चव राहते. दुसरीत पूर्ण आंबवून निर्वातात कमी तापमानाला मद्यार्क काढून घेतात, ती जास्त कोरडी लागते. बाटलीवर साखरेचं प्रमाण वाचा: जिचं कमी ती बहुधा दुसरी. गारही जास्त करा, ४ ते ५ अंश, म्हणजे गोडी दबते.

शंकासुर

दोन प्रश्न. रिकाम्या बाटल्या खोलीच्या कोपऱ्यात रचल्या तर बास ट्रॅप (घुमणारा बास शोषून घेणारी वस्तू) होतो का? आणि स्पीकरचं मागचं भोक आणि बाटलीचं तोंड, तत्त्व एकच का?

कोपऱ्यातला बास

दुसऱ्याचं उत्तर हो, पहिल्याचं जवळजवळ नाही. दोन्हीचं कारण एकच.

बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की जो घुमारा येतो तो हेल्महोल्ट्झ रेझोनन्स. मानेतली हवा वजन, पोटातली हवा स्प्रिंग. वारंवारता मानेच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाबरोबर वाढते, पोटाचं आकारमान आणि मानेची लांबी यांच्या वर्गमुळाबरोबर घटते. ३३० मिलीची लांब मानेची रिकामी बाटली १७० ते १८० हर्ट्झला बोलते. अर्धी भरलेली असेल तर हवा निम्मी, सूर १.४१ पट, म्हणजे २४०च्या पुढेमागे. स्पीकरमध्ये हेच: २० लिटरची पेटी, ५ सेंमी व्यासाचा आणि १२ सेंमी लांबीचा पोर्ट (तेच मागचं भोक), टोकांची दुरुस्ती धरून ४३ हर्ट्झ. पोर्टची लांबी मोजताना ही दुरुस्ती विसरलात (ढोबळमानाने व्यासाच्या ०.७३ पट) तर उत्तर ४९ येतं आणि पेटी चुकीची ट्यून होते.

आता ट्रॅप. खोलीची लांबी ४ मीटर असेल तर पहिला मोड (ज्या सुराला खोली स्वतः घुमते तो) ४३ हर्ट्झला, ३४३ भागिले ८. बाटली १७०ला. तीच मान ठेवून ती ४३ला आणायची तर पोट १५ ते १६ पट, म्हणजे पाच लिटरचं हवं. शिवाय बाटलीचा रेझोनन्स अतिशय टोकदार, जेमतेम काही हर्ट्झ रुंद. मानेत कापूस घालून तो रुंद करता येतो, पण मग शोषण उथळ होतं. शेकड्याने बाटल्या लागतील, आणि त्या रिकाम्या करण्याच्या नादात ट्रॅपची गरज कुणालाच उरणार नाही.

खरा उपाय कंटाळवाणा आहे. ४० ते ५० किलो प्रति घनमीटर घनतेचं रॉकवूल, १० सेंमी जाड, भिंतीपासून १० सेंमी सोडून, कापडाने पूर्ण मढवून कोपऱ्यांत. तेही ८० हर्ट्झच्या खाली फारसं चालत नाही. तिथे खुर्चीची जागा बदलणं स्वस्त: मागच्या किंवा पुढच्या भिंतीपासून खोलीच्या ३८ टक्क्यांवर बसून बघा, बरोबर मध्यावर बसू नका, तिथे पहिला मोड नाहीसाच होतो. स्पीकरही भिंतीपासून किती लांब ते मोजा. समोरच्या भिंतीवरून परतलेला आवाज ८६ हर्ट्झला खड्डा पाडतो, जर अंतर एक मीटर असेल. अर्धा मीटर केलंत तर खड्डा १७१ला जातो.

बाटल्यांचा खोलीशी संबंध येतो तो दुसरीकडून. मांडणीवरच्या रिकाम्या बाटल्या आणि एकमेकांना टेकलेले ग्लास बासबरोबर किणकिणतात, आणि लोक ट्वीटरला शिव्या घालतात. पाहुणे यायच्या आधी ३० ते ३०० हर्ट्झचा संथ साइन स्वीप मध्यम आवाजात एकदा सोडा आणि खोलीभर फिरा. जिथे किणकिण, तिथे ग्लासांखाली फेल्ट किंवा बाटल्या बाहेर. खिडकीची काच आणि ट्यूबलाइटची पट्टीही याच फेरीत सापडते.

व्हॉल्व्हकाका

+१. आणि सबवूफरला टेबल समजणाऱ्यांना सांगा, बिअर तिथे लवकर मरते. हलवलं की वायू सुटतो, ३० हर्ट्झने हलवलं तरी सुटतोच.

खोबणकर

आता अप्रिय भाग. सांडली तर?

रेकॉर्डवर सांडली तर घाई एकाच गोष्टीची, वाळू द्यायची नाही. बिअरमधले डेक्स्ट्रिन (न आंबलेले स्टार्चचे तुकडे) आणि प्रथिनं खोबणीत वाळली की सुई त्यांच्यावरून दर फेरीला खट करते, आणि तो मळ सुईच्या टोकावर चिकटून पुढच्या रेकॉर्डीलाही लागतो. लेबलवर प्लॅस्टिकची चकती दाबून धरा. ३० ते ३५ अंशांचं डिस्टिल्ड पाणी, लिटरला फोटोच्या वेटिंग एजंटचे (पाणी सारखं पसरवणाऱ्या द्रावाचे) दोन-तीन थेंब, मऊ ब्रश खोबणीच्या दिशेने, कधीही आडवा नाही. मग नुसत्या डिस्टिल्ड पाण्याने दोनदा. उभी वाळवा. गरम पाणी नको, ६० अंशांच्या आसपास विनाइल मऊ पडतं आणि वाकतं. नळाचं पाणी नको, क्षार खोबणीत बसतात.

७८ आरपीएमची लाखेची तबकडी असेल तर सफाईच्या द्रावणात अल्कोहोलचा थेंबही नको, लाख अल्कोहोलमध्ये विरघळते. बिअरमधला ५ टक्के लगेच काही करत नाही, पण पटकन पाण्याने धुवून लगेच टिपा. लाखेतला दगडभुकटीचा भराव पाणीही फार वेळ सोसत नाही.

ओहमकार

अँपवर सांडली तर पहिलं काम प्लग काढणं. अँपचं बटण नाही, भिंतीतला प्लग. मग अँप उलटं करून हलवू नका, बिअर कोरड्या भागात जाते. सपाट ठेवून वरून टिपा.

झाकण उघडलं की कपॅसिटर. ट्रान्झिस्टर अँपमध्ये १०,००० मायक्रोफॅरडवर ५० व्होल्ट असतील तर १०० ओहम, १० वॅटचा रेझिस्टर इन्सुलेटेड क्लिपांनी पाच-सहा सेकंद लावा. व्हॉल्व्हच्या १०० मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टला १० किलोओहम, ५ वॅट, तेवढाच वेळ. स्क्रूड्रायव्हरने ठिणगी पाडायची नाही. मीटरने शून्य दिसल्याशिवाय बोट नाही.

आता सगळे जिथे चुकतात ती जागा. लोक लगेच आयसोप्रोपिल अल्कोहोल फवारतात. बिअरचा चिकट भाग म्हणजे डेक्स्ट्रिन, ते पाण्यात विरघळतं, अल्कोहोलमध्ये नाही. अल्कोहोलने ते तिथेच साकळतं आणि आयसीच्या पायांखाली पांढरा थर बसतो. म्हणून आधी डिस्टिल्ड पाणी आणि मऊ ब्रश, दोन-तीन हात. नंतर ९९ टक्क्यांचं अल्कोहोल, ते पाण्याला हटवायला. न धुता नुसतं वाळवलंत तर काय होतं? बिअरचा पीएच ४ ते साडेचार, म्हणजे आम्ल. राहिलेला थर हवेतलं पाणी ओढतो, दोन ट्रॅकमध्ये गळती सुरू होते, तांबं हिरवं पडतं. व्हॉल्व्हच्या बोर्डावर ४०० व्होल्ट त्या थरातून वाट काढतात आणि बोर्ड कोळसा होतो. हे त्याच दिवशी नाही, दोन-तीन महिन्यांनी होतं, म्हणून कुणाला बिअर आठवत नाही.

ट्रान्सफॉर्मर, उघडे रिले आणि काटेवाले मीटर भिजवू नका. व्हॉल्यूमचा पॉट (नॉबमागचा फिरता रेझिस्टर) पाण्याने नाही, कॉन्टॅक्ट क्लीनरने, आणि वीस-तीस वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवून. मग ४८ तास पंख्यासमोर. हेअर ड्रायर लावलात तर दुरून, ५० अंशांच्या वर नको.

चालू करताना सिरीज बल्ब, म्हणजे मेन्स आणि अँपच्या मधे जोडलेला. ६० ते १०० वॅटचा तारेचा बल्ब, एलईडी चालत नाही. क्षणभर उजळून मंद झाला तर ठीक, उजळलेलाच राहिला तर आत शॉर्ट आहे, बंद करा. मग स्पीकर न जोडता आउटपुटला डीसी मोजा: ५० मिलिव्होल्टच्या आत असेल तरच स्पीकर. व्हॉल्व्ह अँपला मात्र हे बिनलोडचं करू नका, तिथे ८ ओहमचा डमी लोड (स्पीकरऐवजी रेझिस्टर) आधी, नाहीतर सिग्नल येताच आउटपुट ट्रान्सफॉर्मरमध्ये ठिणगी उडते.

स्पीकरच्या कागदी कोनवर थेंब पडले तर टिपा, घासू नका, ओल्या कापसाने पुन्हा टिपा. बिअर डस्ट कॅपमधून गॅपमध्ये गेली असेल तर वाळल्यावर कोन दोन्ही हातांच्या बोटांनी सरळ, हळू दाबून बघा. खरखर जाणवली तर व्हॉइस कॉइल चिकटून घासतेय, आता रीकोनिंगच, म्हणजे कोन आणि कॉइल नवी बसवणं.

व्हॉल्व्हकाका

वाचूनच ग्लास लांब सरकवला.

शंकासुर

शेवटचं. ऐकण्याच्या खोलीत छोटा फ्रिज आहे. तो चालू किंवा बंद होताना रेकॉर्डवर 'टक्' येतं, स्ट्रीमरवर येत नाही. फ्रिज हलवणं शक्य नाही.

ओहमकार

फोनो स्टेज, म्हणजे कार्ट्रिजचा बारीक सिग्नल वाढवणारा भाग, एमएमला ४० डेसिबल म्हणजे १०० पट मोठं करते, एमसीला (मूव्हिंग कॉइल कार्ट्रिजला) ६० डेसिबल, १००० पट. म्हणून तिथेच ऐकू येतं. सुई वर उचला, सिलेक्टर फोनोवर, आवाज नेहमीचा. टक् राहिलं तर कार्ट्रिजच्या तारा किंवा फोनो स्टेज अँटेनासारखी पकडतेय: टर्नटेबलची वेगळी अर्थ वायर अँपच्या ग्राउंड स्क्रूला घट्ट आहे का पाहा आणि फोनोची केबल पॉवर केबलपासून ३० सेंमी लांब, गाठ पडलीच तर काटकोनात. फ्रिज आणि अँप एकाच एक्स्टेन्शन बोर्डावर असतील तर वेगळे करा, शक्य तर वेगळ्या सर्किटवर. प्लगची अर्थ पिन काढून आवाज घालवणारे भेटतील, त्यांचं ऐकायचं नाही.

तरी उरलं तर स्नबर, म्हणजे ठिणगीचा झटका शोषणारी जोडणी. १०० ओहम आणि ०.१ मायक्रोफॅरड सिरीजमध्ये, कपॅसिटर एक्स२ (थेट मेन्सवर लावण्याच्या) वर्गाचाच, २७५ व्होल्ट एसीचा. रेझिस्टर १ वॅट, न पेटणारा. तयार डबीतही मिळतात.

शंकासुर

तो अँपच्या प्लगला लावायचा की फ्रिजच्या?

ओहमकार

फ्रिजच्या. ठिणगी थर्मोस्टॅटच्या कॉन्टॅक्टवर पडते, म्हणून त्या दोन कॉन्टॅक्टवरच समांतर लावला तर सगळ्यात उपयोगी, पण ते काम फ्रिजच्या मेकॅनिकचं. स्वतः करायचं असेल तर फ्रिजच्या सॉकेटमध्ये फेज आणि न्यूट्रलच्या मधे. परिणाम निम्माशिम्मा, पण बहुतेक वेळा पुरतो. तोवर साधा मार्ग: थर्मोस्टॅट दुपारीच दोन अंश खाली करून बाटल्या गार करून घ्या आणि बैठकीच्या वेळी फ्रिज बंद. भरलेला फ्रिज दार न उघडता दोन तास सहज थंड राहतो, आणि पिल्सनर ४ वरून ७ अंशांवर आली तर फेसवाल्यांची तक्रारही मिटते.

फेसवाला

तक्रार नाही. दार मात्र एकानेच उघडायचं, आणि बाजू बदलतानाच.